एका कापडाची दोन झबली

रामटेके बाई आमच्या कॉलेजात रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी प्राचार्यांना एक प्रश्न विचारला. प्राणिशास्त्राची दोन मॉडेले एका कपाटात का नाहीत?

मॉडेले प्लास्टरची होती. कमरेपासून मांडीच्या सुरुवातीपर्यंतचा भाग, मधोमध उभा कापलेला, आतल्या अवयवांना वेगवेगळे रंग दिलेले. एक पुरुषाचे, एक स्त्रीचे. पुरुषाचे मॉडेल व्यायामशाळेच्या खोलीत डंबेल्सशेजारी असे आणि स्त्रीचे मॉडेल लेडीज रूममध्ये, संस्कृतच्या देशकर बाईंच्या किल्लीखाली. ही व्यवस्था प्राचार्य दाण्यांनी स्वतः लावलेली होती. दाणी राज्यशास्त्राचे, आणि सत्तेची विभागणी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

"दोन्ही एका कपाटात ठेवणं बरं दिसत नाही," ते म्हणाले.

"पण सर, कपाट त बंद राहते," बाई म्हणाल्या. "कोणाले दिसन?"

"बंद राहतं, म्हणूनच तर!"

मी मराठी शिकवत असे. प्राणिशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की त्यांची प्रयोगशाळा आणि माझी वर्गखोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती. माझ्या बाजूला विरह चालू असला की पलीकडून बेडकाच्या हृदयाचे कप्पे ऐकू येत. वर्गाचे लक्ष पलीकडे असे. मला त्याचे वाईट वाटत नसे, कारण माझेही असे.

बाई नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या. वडील शिंपी. छप्पनच्या दीक्षेच्या वेळी बाई लहान होत्या. त्यानंतर वडिलांनी घरात एक नियम केला, की ऐकले म्हणून काही मानायचे नाही. बाईंनी तो जरा जास्तच मनावर घेतला होता. समोरच्याने कसलेही विधान केले, पाऊस येणार असे असो, की अमुक प्राध्यापक विद्वान आहेत असे असो, की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "पाह्यलं का?" बस्स. आवाज चढलेला नसे, टोमणाही नसे. पण आमच्या स्टाफरूममध्ये सगळा व्यवहार न पाहता केलेल्या विधानांवरच चालत असल्यामुळे त्यांच्याशेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे. त्या सायकलने येत. पुस्तकात खूण म्हणून कापडाचा टेप ठेवत आणि फळ्यावर शिंप्याच्या चपट्या निळ्या खडूने आकृत्या काढत. साधा खडू त्यांना जाड वाटे.

शेवटचा धडा प्रजननाचा. तो शिकवायची आमच्याकडे एक रीत होती. मार्च महिन्यात एके दिवशी सर घसा खाकरून म्हणत, "हा भाग सोपा आहे, घरी वाचून घ्या." फारच उत्साही सर असले तर मुलांना पुरुषाची आकृती दाखवत, आणि मुलींना दुसऱ्या दिवशी एखादी मॅडम स्त्रीची दाखवी. म्हणजे प्रत्येकाला जे घरी होते तेच कॉलेजात दिसे आणि जे नव्हते त्याविषयी परीक्षेत प्रश्न येई.

बाईंनी पहिल्याच वर्षी हा धडा मुलामुलींच्या एकत्र वर्गात घेतला. मॉडेले मिळाली नव्हतीच. त्यांनी फळ्यावर मधोमध एक आकृती काढली: वर एक छोटा उंचवटा, खाली मधली फट, फटीच्या दोन्ही अंगांना एक आतली घडी आणि एक बाहेरची.

"हे पोराचं का पोरीचं?" त्यांनी विचारले. मी माझ्या वर्गात 'आता उत्तर काय येतं?' अशा चेहऱ्याच्या चाळीसजणांपुढे उभा होतो. कविता बाजूला ठेवली.

पलीकडून कोणीतरी धीर करून "पोरीचं" म्हणाले.

"पाह्यलं का?" बाई म्हणाल्या. "हे दोघांचं होय. पोटात पहिले काही आठवडे दोघांचं असंच राहते. मंग एकाचा उंचवटा वाढत जाते, त्याचं शिश्न होते. दुसरीचा लहानच राहते, तो शिश्निका. लहान आहे म्हणून कमी नाही, शिरा तिथं बी तेवढ्याच दाट. या बाहेरच्या घड्या पोरात मधोमध जुळतेत, त्याची वृषणाची पिशवी होते. पोरीत जुळत नाही, ते बाहेरचे ओठ. पोरांनो, जुळल्याची रेघ तुमच्या अंगावर अजून आहे. आमच्या घरी तिले शिवण म्हणतेत. कापड एकच गा, शिवण निराळी."

हशा झाला. बाईंनी तो संपू दिला. मग एका मुलीने विचारले, लघवीची वाट आणि मूल होण्याची वाट एकच असते का? हशा पुन्हा झाला, या वेळी मागच्या बाकावरून. तिथे रामदासपेठेतल्या एका मोठ्या डॉक्टरांचे चिरंजीव बसत.

"तू हसला ना? उठ. तूच सांग तिले."

"एकच, मॅडम," चिरंजीव आत्मविश्वासाने म्हणाले.

"ते तुझं. तिचं नाही. तुझ्यात लघवी आन् वीर्य एकाच नळीतून जाते. तिच्यात दोन वाटा येगळ्या. सारखं आहे म्हणलं म्हणून एकच आहे असं नाही म्हणलं मी. बस. आन् घरी जाऊन वडलाले विचार, पण आईसमोर विचार."

चिरंजीवांनी घरी विचारले असावे. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे तक्रार आली.

दाण्यांनी बाईंना बोलावले, आणि साक्षीदार म्हणून मला. शिक्षा करायची वेळ आली की दाण्यांची भाषा फार गोड होई. त्यांनी बाईंच्या विद्वत्तेचे कौतुक केले, मग वडिलांच्या डोळ्यांची चौकशी केली. वडिलांना मोतीबिंदू होता, सुईत दोरा ओवणे जमेनासे झाले होते, आणि घर आता बाईंच्या पगारावर चालत होते, हे त्यांना ठाऊक होते. बाई अजून तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या.

"पुढच्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार आहे," दाणी म्हणाले. "तिला तुमच्या विभागात काही वावगं दिसलं नाही, की तुम्ही कायम. दिसलं, तर मग मीही काही करू शकणार नाही. दोन्ही मॉडेलं जिथं आहेत तिथंच राहतील. आणि त्यांना आच्छादन हवं."

"कपाटात, सर?"

"कपाटातसुद्धा."

बाहेर आल्यावर बाई बराच वेळ सायकलच्या कुलुपाशी झटत होत्या. मी म्हणालो, "जाऊ द्या ना बाई. एका धड्याचा प्रश्न आहे."

त्या म्हणाल्या, "माह्या मोठ्या बहिणीले पहिल्यांदा पाळी आली न सर, त तिले वाटलं आपण मरून राहिलो. कोणाले सांगितलं नाही. चार दिवस पांघरून घेऊन पडली, मरायची वाट पाहत. शेजारी मी झोपलेली. मले बी काही माहीत नाही. एका धड्याचाच प्रश्न आहे, सर."

मग कुलूप निघाले आणि त्या गेल्या.

आच्छादने शिवायचे काम बाईंच्या वडिलांकडेच गेले. त्यावर देखरेख करायला दाण्यांनी मला नेमले; मराठीचा माणूस म्हणजे सभ्यतेचा जाणकार, असा त्यांचा समज होता. दोन्ही मॉडेले पोत्यात घालून रिक्षाने मी आणि बाई इंदोऱ्याला गेलो. बाईंचे वडील दौलतराव ओसरीत मशीनपुढे बसले होते. त्यांनी मॉडेले हाताने चाचपली आणि टेप लावून दोन्हींची मापे घेतली. मापे सारखी भरली.

"कोण कोण हाये हे?" त्यांनी विचारले.

"एक पोरगा, एक पोरगी," बाई म्हणाल्या.

"मंग झबलंच शिवतो. बाळंतिणीच्या घरचे लोक आधीच शिवून नेतेत. पोरगा होवो का पोरगी, झबलं एकच. झबल्याले काय समजते?"

मी सभ्यतेच्या वतीने विचारले की ओळखायला काही खूण, वेगळा रंग वगैरे नको का. दौलतराव माझ्याकडे, म्हणजे साधारण माझ्या दिशेला, बघून हसले. "मास्तर, ओळखाचं असन त झबलं वर करून पाहा लागते. दुनिया तसंच करते."

शाळेच्या गणवेशाचे निळ्या चौकड्यांचे कापड उरले होते. त्याची दोन झबली झाली, गळ्याशी नाडी, खाली दुमड. दोरा बाईंनी ओवून दिला. शिलाई मात्र दौलतरावांची. हाताला दिसत होते म्हणायचे.

दाण्यांना आच्छादने पसंत पडली. निळ्या चौकड्यांची दोन गुबगुबीत बाळे आपापल्या खोलीत बंद झाली.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजला चुना मारला. कपाटे रिकामी झाली, सामान व्हरांड्यात आले आणि चुना वाळल्यावर प्रयोगशाळेचे शिपाई गुलाबराव यांनी ते परत लावले. झबल्यांसकट दोन्ही मॉडेलेही लावली. कोणते कुठले, हा प्रश्न त्यांना पडला होता, हे त्यांनी नंतर मान्य केले. मी विचारले, "मग पाहिलं का नाही?"

"सर, लोकाच्या पोरीचं झबलं उचलून पाहू काय मी?"

त्यानंतर कोणीच पाहिले नाही. बाईंचा धडा मार्चात होता आणि एकटे मॉडेल घेऊन शिकवणार नाही, हा त्यांचा हट्ट होता. त्यामुळे त्यांनी कुठलीच किल्ली मागितली नाही. संक्रांतीला लेडीज रूममध्ये हळदीकुंकू झाले. सगळ्या मॅडमना वाण वाटून झाल्यावर तिथल्या आया सरूबाई यांना वाटले की खोलीत आणखी एक बाई आहे आणि तिला कोणी विचारले नाही. त्यांनी कपाट उघडवून घेतले, झबल्याच्या गळ्याशी हळदीकुंकवाची बोटे लावली आणि पुढ्यात तिळाचे लाडू ठेवले. देशकर बाईंनी कौतुकाने ही गोष्ट स्टाफरूममध्ये सांगितली. रामटेके बाई तिथेच फुटाणे खात होत्या. त्याही हसल्या. एवढ्या एका वेळी त्यांनी "पाह्यलं का?" असे विचारले नाही.

समिती आली ती उन्हे तापायला लागल्यावर. अध्यक्ष रसायनशास्त्राचे, वयस्क, सावकाश बोलणारे, दर तासाला "जरा जाऊन येतो" म्हणणारे. दाण्यांनी त्यांना वाचनालय, बाग आणि संस्थापकांचा फोटो दाखवला. प्राणिशास्त्राशी आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मॉडेलं दिसत नाहीत."

"आहेत सर. योग्य ठिकाणी आहेत," दाणी म्हणाले, आणि मिरवणूक लेडीज रूमकडे निघाली. पुढे दाणी, मागे समिती, त्यामागे रामटेके बाई. देशकर बाईंनी किल्ली काढली. गुलाबरावांनी झबले टेबलावर आणून ठेवले.

"हे स्त्रीचं," दाणी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आम्ही ते स्त्रियांच्याच ताब्यात ठेवतो."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "याला कुंकू कोणी लावलंय?"

"मीनं लावलं, साहेब," दारातून सरूबाई म्हणाल्या. "तेबी बाईमाणूसच ना."

"काढा बघू ते."

गुलाबरावांनी नाडी सोडली आणि झबले वर केले.

 मग देशकर बाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि संस्कृतचा पूर्ण विसर पडून ओरडल्या, "अगं बाई! गॅदरिंगला मी याच्यासमोर पातळ बदललं!"

दाणी अजून खिडकीबाहेरच बघत होते. "स्त्रीचंच आहे ते," ते ठामपणे म्हणाले. समितीतल्या एका सदस्याने मान डोलावली. तोही खिडकीबाहेरच बघत होता.

"सर," रामटेके बाई म्हणाल्या, "पाह्यलं का?"

दाण्यांना पाहावे लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून मंत्रिमंडळ पडल्यासारखे काहीतरी गेले. पण राज्यशास्त्राचा माणूस, सावरले. "ही सर्वस्वी विभागाची जबाबदारी आहे," ते अध्यक्षांना म्हणाले. "मॅडम तात्पुरत्या आहेत. अशा गोष्टींचा निर्णय आम्ही योग्य वेळी घेऊच."

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. मला इंदोऱ्याची ओसरी आठवली, आणि सुईत दोरा ओवून देणारी त्यांची बोटे.

"गलती झाली हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण काहून झाली, ते दुसरं शेजारी असल्याशिवाय समजावता येत नाही मले. गुलाबराव, ते बी आणा."

गुलाबरावांनी दाण्यांकडे पाहिले. दाण्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष म्हणाले, "आणा की."

दुसरे आले. त्याच्या झबल्याच्या गळ्यात व्यायामशाळेतल्या कोणा पैलवानाचा वाळत घातलेला लंगोट होता. तो गुलाबरावांनी शांतपणे खिशात घातला. मग दोन्ही मॉडेले, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा, एका टेबलावर शेजारी शेजारी बसली. बाईंनी पर्समधून निळा खडू काढला. लेडीज रूममध्ये फळा नव्हता. त्यांनी टेबलावरच आकृती काढली, ती जुनीच: उंचवटा, फट, घड्या.

त्यांनी सगळे सांगितले, घाई न करता, खडूच्या टोकाने एकदा इकडे, एकदा तिकडे दाखवत. वृषण आणि अंडाशय एकाच गाठीतून होतात; पुरुषाची खाली उतरून बाहेर येते, कारण बीज तयार व्हायला तिला अंगापेक्षा थोडा थंडावा लागतो. "नागपुरात बाहेर येऊन काय थंडावा भेटते, ते निसर्गालेच माहीत," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघणारा तो सदस्य हसून आत वळला. स्त्रीची गाठ आतच राहते आणि तिच्यातली बीजे जन्मतःच घेऊन येते. पुरुष मात्र म्हातारपणापर्यंत नवी करत राहतो. सुरुवातीला दोघांतही नळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुरुषात एक जोडी वाढते आणि दुसरी विरते, स्त्रीत उलटे.

"पूर्ण विरत नाही," त्या म्हणाल्या. "जिच्यातून बाईचं गर्भाशय होते, तिची खूण पुरुषात राहते. मुगाच्या दाण्याएवढी. सर, तुमच्या वयात डॉक्टर ज्या ग्रंथीचं नाव घेतेत ना, तिच्या आत."

 अध्यक्ष अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे माझ्यातसुद्धा?"

"हो सर."

"गर्भाशय?"

"त्याची आठवण म्हणा."

त्यांनी कोटाचे बटण लावले, का ते त्यांनाच ठाऊक. "आणि हे मला सत्तरीला येऊन आज कळतंय," ते म्हणाले. "मला तर वाटे, ती ग्रंथी फक्त त्रास द्यायला ठेवलेली आहे."

"मंग प्राचार्य साहेब म्हणले ते एकदमच चूक नाही," बाई म्हणाल्या. "स्त्रीचं आहेच यात. फक्त सगळं नाही."

दाण्यांनी या वाक्याचा आधार असा घेतला, जसा बुडता माणूस ओंडक्याचा घेतो. "मला नेमकं हेच म्हणायचं होतं," ते म्हणाले.

दारात सरूबाई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, दोन्हींकडे नीट बघितले आणि म्हणाल्या, "मंग माहं कुंकू वाया नाही गेलं म्हणा."  अध्यक्ष "जरा जाऊन येतो" म्हणाले आणि तिथेच पाहणी संपली.

बाई कायम झाल्या. अध्यक्षांनी विभागाची स्तुती केल्यावर दुसरे काही करणे दाण्यांना शक्यच नव्हते. मॉडेले प्राणिशास्त्राच्या एका कपाटात आली. दाण्यांनी फक्त मध्ये एक लाकडी फळी ठोकून घेतली, आणि बाईंनी हरकत घेतली नाही. म्हणाल्या, "राहू द्या. छाती-पोटाच्या मधात पडदा दोघायले बी आहे."

दौलतरावांच्या डोळ्यांचे ऑपरेशन त्याच उन्हाळ्यात झाले. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी आपलीच झबली मागवून पाहिली आणि एकाची दुमड वाकडी आहे म्हणून उसवून पुन्हा शिवली. कोणत्याची, ते विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

त्या धड्याची कीर्ती नंतर हळूहळू पसरली. ज्या कॉलेजांत तो "घरी वाचून घ्या" होता, तिथून बाईंना बोलावणी येऊ लागली. बोलावणारे प्राचार्य दबक्या आवाजात बोलत आणि विषयाचे नाव घेत नसत, "तुमचं ते व्याख्यान" म्हणत.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते एसटी स्टँडवर, मला वाटते सन नव्वदच्या आसपास. मी निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे निघालो होतो, त्या कळमेश्वरला व्याख्यानाला. केस बरेच पांढरे झाले होते. बसच्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर निळ्या चौकड्यांची दोन झबली, एक डाव्या हाताखाली, एक उजव्या. कापड विटले होते. कंडक्टर तिकिटे फाडत त्यांच्यापाशी आला आणि थांबला.

"मावशी, हे काय होय?"

"भाऊ-बहीण."

"अर्धं तिकीट लागन मंग." त्याने हसून डाव्या झबल्याला हात लावला. "हे कोण? भाऊ का बहीण?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या काय विचारणार हे मला खिडकीखालून, त्यांनी तोंड उघडण्याआधीच कळले. कंडक्टरने इकडेतिकडे पाहिले, हात हळूच मागे घेतला आणि पुढच्या माणसाचे तिकीट फाडले. बस निघाली. गरम वारा आत घुसला तशी दोन्ही झबली फडफडली, आणि बाईंनी वाकून आधी एकाची, मग दुसऱ्याची नाडी घट्ट केली.